सल्ला हवा: सायकियाट्रीचं पोस्टिंग, एमएसई आणि पहिलाच रिसर्च प्रोजेक्ट

कोरी_वही:

नमस्कार मंडळी,

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लवकरच सायकियाट्री वॉर्डचं पोस्टिंग सुरू होतंय आणि त्याच सत्रात रिसर्चचा विषयही द्यायचा आहे. दोन्ही एकदम आलंय, म्हणून इथे विचारते.

मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्डात काय बघायचं ते कळतं. नाडी, रक्तदाब, जखम, इनटेक-आउटपुट, सगळं मोजता येतं. एमएसईचा, म्हणजे मेंटल स्टेटस एक्झामिनेशनचा फॉर्म समोर आला की हात थांबतो. 'अफेक्ट', 'थॉट', 'इनसाइट' या रकान्यांत नेमकं काय लिहायचं? सीनियर्सच्या जुन्या फायली पाहिल्या तर सगळीकडे तेच: 'मूड डिप्रेस्ड, थॉट नॉर्मल, इनसाइट प्रेझेंट'. पेशंट बदलतो, वाक्यं तीच राहतात. मला तसं लिहायचं नाही.

दुसरं म्हणजे, आत्महत्येबद्दल थेट विचारायचं का? आपण विचारल्यामुळेच त्यांच्या मनात तो विचार आला तर? वर्गातल्या बऱ्याच जणींना हीच भीती आहे.

पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली) सारख्या प्रश्नावल्या विद्यार्थ्यांनी वापराव्यात का, आणि त्या रिसर्चला चालतात का, हेही सांगा.

आणि रिसर्चचा विषय. बहुतेक सगळे 'अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' असाच विषय घेतात. आकडेवारीची मला धास्ती आहे, पण नुसतं सबमिशन उरकायचं नाहीये. सविस्तर लिहिलंत तर फार उपयोग होईल.

रातपाळी:

आधी एमएसईचं सांगते, कारण मी बरीच वर्षं सायकियाट्री वॉर्डातच आहे आणि विद्यार्थ्यांच्या नोट्स रोज वाचते.

एकच नियम धर. जे दिसलं आणि ऐकू आलं ते आधी लिही, त्याला नाव नंतर दे. 'मूड डिप्रेस्ड' हा तुझा निष्कर्ष झाला. तो कशावरून काढलास हे पुढच्या पाळीच्या सिस्टरला कळलं नाही, तर ती उद्या कशाशी तुलना करणार?

हे वाच: 'पेशंट उदास आहे, सहकार्य करत नाही.'

आता हे वाच: 'खाटेच्या कडेला मान खाली घालून बसलेल्या. केस विंचरलेले नाहीत, गाऊनची बटणं वर-खाली लागलेली. प्रश्न विचारल्यावर बराच वेळ थांबून एक-दोन शब्दांत, हळू आवाजात उत्तर. कसं वाटतंय विचारल्यावर म्हणाल्या, "आतून काही वाटतच नाही." मुलीचा विषय निघाला तरी चेहऱ्यावर फरक नाही.'

या दुसऱ्या नोंदीत टापटीप, हालचालींचा मंदपणा, बोलण्याची गती, मूड आणि अफेक्ट हे सगळं आलं आणि एकही शब्द अंदाजाचा नाही. चार दिवसांनी त्याच बाई बटणं नीट लावून बसल्या आणि मुलीचं नाव निघताच डोळे भरून आले, तर औषधाचा आणि देखभालीचा परिणाम तुझ्या वहीतच दिसेल. 'सहकार्य करत नाही' या शब्दांनी तर त्यांच्यावर ठपकाच बसला होता. खरं तर त्यांना उत्तर द्यायला वेळ लागत होता, एवढंच.

मूड आणि अफेक्ट यांतला फरक असा ठेव: मूड पेशंट सांगतो, अफेक्ट आपल्याला दिसतो. मूडच्या रकान्यात त्यांचेच शब्द अवतरणात टाक. अफेक्ट बघताना भाव किती बदलतात, किती तीव्र आहेत आणि बोलण्याशी जुळतात का, हे लिही. जवळच्या माणसाच्या मृत्यूबद्दल कुणी हसत हसत सांगत असेल, तर 'विसंगत' एवढंच न लिहिता कोणत्या वाक्याला हसले तेही लिही.

'थॉट'मध्ये दोन गोष्टी येतात. विचार एकमेकांना कसे जोडले जातात ही एक, आणि विचारांत काय आहे ही दुसरी. बारीकसारीक तपशिलांत शिरून माणूस शेवटी उत्तरापर्यंत पोहोचत असेल तर ते सर्कमस्टॅन्शियल. मूळ प्रश्नाकडे परतलाच नाही तर टँजेन्शियल. एका वाक्याचा दुसऱ्याशी धागाच लागत नसेल तर लूझनिंग ऑफ असोसिएशन. नुसती संज्ञा टाकू नकोस, त्यांची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी उतरव. संज्ञा चुकली तर गाईड दुरुस्त करतील, न लिहिलेलं वाक्य मात्र पुन्हा मिळणार नाही. विचारांच्या आशयात संशय, अपराधीपणा, निरुपयोगी असल्याची भावना, पुन्हा पुन्हा येणारे नकोसे विचार आणि मरणाचे विचार, हे सगळं विचारून बघायचं असतं. 'थॉट नॉर्मल' लिहायच्या आधी स्वतःला विचार, मी हे विचारलं होतं का? नसेल, तर 'विचारता आलं नाही' असं लिही. 'नाही' आणि 'विचारलं नाही' यांत जीव जाण्याइतका फरक पडू शकतो.

भासांबद्दल साध्या शब्दांत विचार: "आजूबाजूला कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?" हो म्हणाले तर आवाज काय सांगतो हे विचार. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, तर फॉर्म बाजूला ठेवून लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. बोलता बोलता पेशंट थांबतो, मान वळवतो, ओठ हलवतो, हेही टिपून ठेव.

इनसाइटच्या सहा पायऱ्या शिकवतात. आजार साफ नाकारणं ही पहिली आणि आजार मनापासून उमजून वागण्यात बदल होणं ही सहावी. मधे बरंच काही आहे: अर्धवट कबुली, दोष दुसऱ्यावर टाकणं, आपल्याच आत काहीतरी बिघडलंय पण काय ते माहीत नाही, आणि डोक्याला पटलंय पण वागण्यात उतरत नाही. 'प्रेझेंट' या शब्दाने यातलं काहीच कळत नाही. "तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न विचार आणि उत्तर लिहून घे.

ओरिएंटेशन (वेळ, जागा, माणसं यांचं भान), लक्ष, स्मरण यांच्या चाचण्या फॉर्मवर दिलेल्याच असतात. १०० मधून ७ वजा करत जायला सांगतात: ९३, ८६, ७९, ७२, ६५. शाळा कमी झालेल्या माणसाला हे जमलं नाही म्हणून लक्ष कमी ठरत नाही. त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग. अमूर्त विचारांसाठी 'नाचता येईना अंगण वाकडे' सारखी म्हण देतात, पण ती म्हण आधी ऐकलीय का हे विचारून घे. ऐकलेलीच नसेल तर खुर्ची आणि टेबलात काय सारखं आहे, असं विचार.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वयस्कर माणूस अचानक, एक-दोन दिवसांत, गोंधळल्यासारखा वागायला लागला, कधी ठीक तर कधी नाही, लक्ष टिकत नाही, डोळ्यांना नसलेल्या गोष्टी दिसतात, तर आधी शरीराकडे बघ. ताप, ऑक्सिजन, साखर, सोडियम, लघवीचं इन्फेक्शन, नवीन सुरू झालेलं औषध. दारू रोज पिणारा माणूस ॲडमिट झाल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास हातांना कंप, घाम, वाढलेली नाडी आणि भास दिसले तर तो विथड्रॉवल डिलिरियम (दारू अचानक थांबल्याने आलेला तीव्र गोंधळ) असू शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला असा गोंधळ, ओळखायला १९९० पासून कॅम ही पद्धत वापरतात. अचानक सुरुवात व चढउतार, आणि लक्ष न टिकणं, हे दोन्ही हवेतच. शिवाय विस्कळीत विचार किंवा शुद्धीच्या पातळीत बदल, यांपैकी एक हवं. पेशंटजवळ सतत नर्स असते, त्यामुळे हा चढउतार सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात येतो. राऊंडच्या वेळी तो माणूस अगदी नीट बोलत असू शकतो.

अर्धविराम:

रातपाळी ताईंना +१. माझं पोस्टिंग नुकतंच संपलंय, म्हणून थोडी भर घालते.

पहिल्याच भेटीत फॉर्म हातात धरून बसू नकोस. नाव सांग, विद्यार्थिनी आहेस ते सांग आणि किती दिवस येणार आहेस तेही सांग. निरोपाची तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते. हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये नर्स-पेशंट नात्याचे टप्पे मांडले, ते आपण परीक्षेपुरते पाठ करतो. वॉर्डात त्याचा अर्थ कळतो. आधीच कुणीतरी सोडून गेल्याच्या दुःखात असलेल्या माणसाला तू शेवटच्या दिवशी अचानक "उद्यापासून मी नाही" म्हणालीस, तर त्याला काय वाटेल?

प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे पेशंटशी झालेल्या संवादाची शब्दशः नोंद, त्याच दुपारी लिही. संध्याकाळपर्यंत आपण त्यांची वाक्यं नकळत 'सुधारून' टाकतो. 'का' ने सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळ. "तुम्ही जेवला का नाहीत?" यात जाब विचारल्यासारखं होतं. "जेवण समोर आलं तेव्हा काय झालं?" असं विचारलं की माणूस बोलतो. आणि शांतता भरून काढायची घाई करू नकोस, बऱ्याचदा त्यानंतरच खरं वाक्य येतं.

किनारा:

मी नर्स नाही. आजारपणात वॉर्डात राहिलेला माणूस आहे. धागा वाचला आणि आत्महत्येच्या प्रश्नाबद्दल लिहावंसं वाटलं.

तो विचार माझ्या मनात तुमच्या प्रश्नाने आला नसता, तो आधीच होता. घरच्यांना सांगितलं तर ते कोसळतील म्हणून मी गप्प होतो. एका सिस्टरने खुर्ची ओढून बसत, नेहमीच्याच आवाजात विचारलं, "एवढा त्रास होत असताना जीव द्यावासा वाटतो का कधी?" पहिल्यांदाच कुणाला तरी हे ऐकून घेता येईल असं वाटलं आणि मी हो म्हणालो. त्याच्या आधीही एकांनी विचारलं होतं. फॉर्मकडे बघत, "तुम्ही असं-तसं काही करणार नाही ना?" त्या प्रश्नाला 'नाही' याशिवाय दुसरं उत्तरच नव्हतं. मी तेच दिलं.

म्हणून ताई, विचारा. पण उत्तर 'हो' आलं तरी तुम्ही ऐकून घ्याल, हे तुमच्या विचारण्यातून कळू द्या.

रातपाळी:

किनारा, हे लिहिलंत यासाठी मनापासून आभार. विद्यार्थ्यांना मी हे सांगते, पण तुमच्याकडून ऐकण्याला वेगळं वजन आहे.

कोरी वही, थेट विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढत नाहीत, असंच आतापर्यंतच्या अभ्यासांत दिसलं आहे. हळूहळू पुढे जा. "आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का?" तिथून "जीव देण्याचा विचार येतो का?" मग काही ठरवलं आहे का, तयारी केली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का. आणि हेही विचार की आतापर्यंत कशामुळे थांबलात. या उत्तरातूनच पुढच्या देखभालीला आधार सापडतो.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नकोस. आधीच सांग की सुरक्षिततेची गोष्ट असेल तर टीमला सांगावं लागेल. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडून निघायचं नाही. जवळच्या सिस्टरला तिथे बोलवायचं, इन्चार्ज आणि डॉक्टरांना त्याच वेळी कळवायचं, पेशंटचे शब्द, वेळ आणि कुणाला कळवलं ते लिहायचं. विद्यार्थिनी म्हणून हे ओझं तू एकटीने वाहायचं नसतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय की पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला जोखमीचे स्कोअर वापरू नका. स्कोअर कमी आला म्हणून बोलणं थांबवायचं नाही.

वाचायला काही हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा एमएचगॅप मार्गदर्शक घे, २०१६ ची दुसरी आवृत्ती. मोफत मिळतो, आणि पेशंटशी कसं बोलावं यावरचं त्याचं सुरुवातीचं प्रकरण तज्ज्ञ नसलेल्यांसाठीच लिहिलेलं आहे.

सांजवेळ:

मी नर्सिंग रिसर्च शिकवते, त्यामुळे प्रश्नावल्या आणि विषय यांवर लिहिते.

पीएचक्यू-९ २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० या टप्प्यांवर तीव्रता सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र अशी धरतात. चिंतेसाठी जीएडी-७ आहे, २००६ ची, एकूण ० ते २१. या चाळण्या आहेत. १० च्या वर गुण आले म्हणजे नैराश्याचं निदान झालं असं नाही, नीट मुलाखत घ्यायला हवी एवढंच. थायरॉइड कमी असलेला, नुकतंच ऑपरेशन झालेला किंवा शोकात असलेला माणूसही झोप, थकवा, भूक या प्रश्नांवर भरपूर गुण मिळवेल. वॉर्डात वापरायची तर इन्चार्जच्या परवानगीने, आणि एमएसईच्या जोडीला.

रिसर्चमध्ये वापरताना नवव्या प्रश्नाचं काय करणार ते आधी ठरवा. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, असं तो प्रश्न विचारतो. विद्यार्थी शंभर निनावी फॉर्म गोळा करतात आणि महिन्याभराने गुण मोजायला बसतात. त्या ढिगात कुणीतरी 'जवळजवळ रोज' यावर खूण केलेली असते आणि ती व्यक्ती कोण हे कुणालाच माहीत नसतं. हे मला मान्य नाही. फॉर्म त्याच दिवशी, तिथेच तपासले गेले पाहिजेत, कोड नंबरवरून माणसापर्यंत पोहोचता आलं पाहिजे, मदतीला कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं असलं पाहिजे, आणि हे सगळं संमतिपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे. एवढी व्यवस्था होणार नसेल तर दुसरं टूल घ्या.

भाषांतर स्वतः एका बैठकीत करू नका. आधी त्या भाषेत तपासलेली आवृत्ती आहे का बघा. नसेल तर एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणायचं, दोन्ही ताडून बघायचं, मग मोजक्या लोकांना देऊन "या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतलात?" असं विचारायचं. पीएचक्यू-९ परवानगीशिवाय वापरता येते. १९७५ ची एमएमएसई (स्मरण, लक्ष वगैरे तपासणारी छोटी चाचणी) मात्र कॉपीराइटखाली आहे, तिला परवानगी लागते. हे न बघता टूल जोडलेले प्रस्ताव माझ्याकडे दरवर्षी येतात.

आता विषय. नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा साचा मला का आवडत नाही ते सांगते. एकाच गटाला प्रश्न विचारायचे, शिकवायचं, आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा द्यायचे. गुण वाढतातच. पण ते शिकवल्याने वाढले, की प्रश्न ओळखीचे झाल्याने, की मधल्या काळात लोकांनी इतरत्र वाचल्याने? तुलनेचा गटच नसल्याने सांगता येत नाही. आणि ज्ञान वाढलं म्हणून वागणं बदललं, हेही त्यातून दिसत नाही. तोच विषय घ्यायचा असेल तर तुलनेसाठी दुसरा गट घ्या, त्यालाही अभ्यास संपल्यावर शिकवा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. वेळ आहे का, हे स्वतःला विचारा.

त्यापेक्षा वॉर्डात खटकलेल्या गोष्टीतून प्रश्न काढा. तुम्हाला काय खटकलं ते तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय: पेशंट बदलतो, वाक्यं तीच राहतात. हाच संशोधनाचा प्रश्न आहे! 'विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या एमएसई नोंदींपैकी किती नोंदींत मूडच्या रकान्यात पेशंटचे स्वतःचे शब्द आहेत? आत्महत्येबद्दल विचारल्याची नोंद किती ठिकाणी आहे? कोणते रकाने निव्वळ निष्कर्षाने भरलेले आहेत?' वर्णनात्मक अभ्यास, नोंदींवर आधारित, एका सत्रात होण्यासारखा. कुठल्याही पेशंटला त्रास नाही आणि निष्कर्ष शिकवणाऱ्यांच्या थेट कामाचा. मुलाखतींची आवड असेल तर 'घरी नेताना नातेवाइकांना कशाची काळजी वाटते' हा गुणात्मक विषयही चांगला होतो. त्यात सॅम्पल लहान चालतं, पण ऐकण्याचं आणि पुन्हा पुन्हा वाचण्याचं काम दुप्पट.

संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी म्हणजे एक सही, असं समजू नका. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना फक्त निरीक्षणाखाली ठेवलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा मान्य उपचार झाला, तरी त्यांना तो दिला नाही. त्या कामात नर्सही होती, आणि त्या माणसांचा तिच्यावर विश्वास होता. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ मध्ये आणि हेलसिंकी घोषणापत्र १९६४ मध्ये येऊनही तो अभ्यास चालूच राहिला. म्हणून संमती घेताना हे लक्षात ठेवा: गणवेशातल्या माणसाला 'नाही' म्हणणं पेशंटला अवघड जातं. "भाग घेतला नाही तरी उपचारात काही फरक पडणार नाही" हे तोंडी सांगा, आणि विचार करायला वेळ द्या. मानसिक आजार आहे म्हणून माणूस संमती द्यायला असमर्थ ठरत नाही. त्या वेळी, त्या निर्णयापुरतं त्याला समजतंय का, हे बघायचं असतं.

तक्ता:

सांजवेळ मॅडमनी सुचवलेला विषय आकडेवारीच्या दृष्टीनेही सोपा आहे, त्यामुळे धास्ती सोड.

नोंदी किती घ्यायच्या? प्रमाण काढायचं असेल तर १.९६ चा वर्ग गुणिले प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण), आणि भागिले चालणाऱ्या चुकीचा वर्ग. आधीचा अंदाज नसेल तर प्रमाण ०.५ धर. दहा टक्के इकडे-तिकडे चालत असेल तर उत्तर ९७ नोंदी. पाच टक्क्यांची अचूकता हवी असेल तर ३८५. सत्र एकच आहे, तर ९७ वाला पर्याय घे आणि मर्यादा म्हणून ते अहवालात लिही. सॅम्पल 'सोयीनुसार' न घेता फायलींची यादी करून रँडम नंबरने निवड. समोरच्या कपाटात ठेवलेल्या फायली बहुधा नीटनेटक्याच असतात.

यात खरा कस लागतो तो वेगळ्याच ठिकाणी. 'ही नोंद निरीक्षण आहे की निष्कर्ष' हे ठरवणारी तू एकटी असशील तर परीक्षक लगेच विचारतील, दुसरी कुणी असती तर तिनेही हेच ठरवलं असतं का? म्हणून दोघींनी एकमेकींना न दाखवता त्याच फायली वाचायच्या आणि कोहेनचा कॅपा काढायचा, म्हणजे योगायोग वगळून एकमत किती ते सांगणारा आकडा (१९६० पासून वापरात आहे). हाताने करून बघ. समजा १०० नोंदींपैकी ८५ मध्ये तुमचं एकमत झालं. ऐकायला छान वाटतं. पण दोघीही ८० टक्के नोंदींना 'निष्कर्ष' म्हणत असाल, तर नुसत्या योगायोगानेही ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ६८ टक्के एकमत झालंच असतं. कॅपा म्हणजे (०.८५ − ०.६८) भागिले (१ − ०.६८), सुमारे ०.५३. मध्यम. म्हणजे व्याख्या अजून घट्ट करायला हव्यात. आधी थोड्या फायलींवर पायलट करून, जिथे मतं वेगळी पडली त्या नोंदींवर बसून बोला. तुमचं शिकणं तिथेच होईल.

पी-व्हॅल्यूबद्दल एवढंच. पी ०.०३ आला म्हणजे 'आमचं गृहीतक ९७ टक्के खरं' असा अर्थ होत नाही. खरोखर काही फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, असा त्याचा अर्थ. तुझ्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी प्रमाण आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची वरची-खालची मर्यादा) पुरेसा आहे. उगाच टेस्ट लावू नकोस.

नर्सिंग आणि आकडे वेगळे आहेत असं वाटत असेल तर फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची १८५८ ची क्रिमियन युद्धावरची आकृती शोधून बघ. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी जास्त मेले, हे त्यांनी नोंदी मोजूनच दाखवलं होतं.

कोरी_वही:

सगळ्यांचे खूप आभार. किनारा, तुमचं वाक्य मी वर्गातल्या मैत्रिणींनाही वाचून दाखवलं. आता आम्ही विचारू.

विषय ठरवला: विद्यार्थ्यांच्या एमएसई नोंदींत निरीक्षण आणि निष्कर्ष यांचं प्रमाण, आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारल्याची नोंद. एक मैत्रीण दुसरी वाचक व्हायला तयार आहे. दोन शंका आहेत. जुन्या फायलींतल्या पेशंटची संमती आता कशी घ्यायची? आणि ज्यांच्या नोंदी वाचणार ते आमचेच सीनियर आहेत, त्यांना वाईट वाटेल का?

शिवाय रातपाळी ताई, माझी पहिली एमएसई झाली की नाव काढून इथे टाकली तर बघाल का?

सांजवेळ:

पहिल्या शंकेचं उत्तर: ते तुम्ही ठरवायचं नाही, एथिक्स कमिटी ठरवते. नोंदींवरच्या, कमी जोखमीच्या अभ्यासाला कमिटी वैयक्तिक संमतीतून सूट देऊ शकते, पण तुम्हाला तशी लेखी विनंती करावी लागेल आणि कोणती माहिती उतरवणार नाही हेही सांगावं लागेल. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, तारखा, काहीही घ्यायचं नाही. कोड देणारा कागद गाईडच्या कपाटात राहील. मंजुरी हातात येईपर्यंत एकही फाईल उघडायची नाही, पायलटसाठीसुद्धा नाही.

सीनियर्सबद्दल: त्यांची नावंही कोडच होतील आणि अहवालात फक्त एकत्रित आकडे येतील. प्रस्तावात 'विद्यार्थ्यांच्या चुका' असा शब्दप्रयोग टाळा. त्या नोंदी कुणी तपासल्या, कुणी शिकवल्या, फॉर्मवर लिहायला जागा किती होती, हेही त्यात येतं. दोन सेंटीमीटरच्या रकान्यात पेशंटचं वाक्य मावत नाही. फॉर्मची रचना हाही एक व्हेरिएबल म्हणून नोंदवा, मला तर तिथेच काहीतरी सापडेल असं वाटतं.

रातपाळी:

मॅडमचा रकान्याचा मुद्दा अगदी खरा आहे. आमच्याकडे बरेच जण फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहितात, मागची बाजूही बघायला विसरू नकोस.

एमएसई मात्र इथे टाकू नकोस. नाव काढलं तरी वय, काम, घरातली माणसं आणि त्यांनी बोललेली वाक्यं एवढ्यावरून ओळखणारा ओळखतो, आणि ती वाक्यं त्यांनी तुझ्याजवळ बोललेली असतात. खरी नोंद तुझ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला दाखव. इथे हवं तर पूर्ण काल्पनिक पेशंट रचून लिही. त्यावर आपण रकाना रकाना घेऊन बोलू, मी नक्की वाचेन.

कोरी_वही:

समजलं ताई. काल्पनिक नोंद लिहून वेगळा धागा काढते. मंजुरीच्या अर्जाचा मसुदा या आठवड्यात गाईडना देते आहे.